ओठातलं कुंपण

कंपनीची बस हिंजवडीच्या चौकात नेहमीसारखी मरून पडली होती, आणि फोनवरचा माणूस मला विचारत होता, घरात पाच वर्षांच्या आतलं मूल आहे का. आवाज तरुण, नम्र. मागे कुठंतरी पंखा खडखडत होता. "मॅडम, आरोग्य केंद्रातून संपत बोलतोय. निशा म्हणून पेशंट आहेत, त्यांच्या घरचं कोणी..." "मीच पेशंट." "मग बरंच झालं. घरात टोटल माणसं किती?" मी सांगितली. आई, आप्पा, दादा, वहिनी, मी, आणि दादाची मुलगी मुक्ताई, चार वर्षांची. "मग मॅडम, बाळाला गोळी चालू करावी लागेल. प्रतिबंधक. संजय डॉक्टरांशी बोलणं झालंय, गोळ्या त्यांच्याकडं पोचवल्यात. रोज एक, सहा महिने. तिला काही झालेलं नाही, होऊ नये म्हणून. तुम्ही टेन्शन घेऊ नका." मी "बरं" म्हटलं. "ब" म्हणायला दोन्ही ओठ मिटावे लागतात आणि माझे मिटत नाहीत, त्यामुळं त्याला काहीतरी भलतंच ऐकू गेलं असावं. "काय म्हणालात?" "काही नाही." फोन ठेवला. खिडकीबाहेर एक दुचाकीवाला फुटपाथवरून चालला होता आणि फुटपाथवरची बाई अंग चोरून त्याला वाट देत होती, जणू चूक तिचीच. मला दोघांचाही तिटकारा आला. अलीकडं तिटकारा यायला मला फार काही लागत नाही.

मला टीबी नाही. माझ्या ओठांत प्लास्टिक आहे. हे वाक्य इतकं सोपं आहे की शाळेतलं पोर ते न अडखळता वाचील, आणि तरी ते घरात कुणालाही माहीत नाही. नेमकं सांगायचं तर ॲक्रिलिकचे मणी, पूर्ण गोल, गुळगुळीत, केसाच्या जाडीहून बारीक, एका जेलमध्ये कालवलेले. ज्या मालापासून दुकानांच्या पाट्या आणि म्हाताऱ्यांच्या कवळ्या करतात तोच माल. दोन वर्षांपूर्वी ते सुईनं वरच्या आणि खालच्या ओठात भरले; थोडेच, त्यामुळं घरी ते लिपस्टिकवर खपलं. जेल काही महिन्यांत विरघळून गेलं, ते तसं जाणारच होतं. मणी राहिले, तेही राहणारच होते. त्यासाठीच तर ते असतात. शरीरात एक प्रकारच्या पेशी असतात, त्यांचं काम परकं दिसेल ते गिळणं. ह्या मण्यांचा आकार असा ठरवलेला असतो की त्या पेशीला तो गिळता येऊ नये. मग पेशी काय करते? दुसरीला बोलावते. दोघी एकमेकींत विरघळून मोठी पेशी करतात, तीही गिळू शकत नाही, मग आणखी येतात. गिळता येत नाही आणि सोडवतही नाही. शेवटी सगळ्या मिळून त्याच्याभोवती कुंपण घालतात. त्या कुंपणाला ग्रॅन्युलोमा म्हणतात. टीबीच्या जंतूभोवतीही शरीर असंच कुंपण घालतं. लांबून बघणाऱ्याला दोन्ही कुंपणं सारखीच दिसतात. लांबून बघणाऱ्यांचीच ह्या देशात प्रॅक्टिस जोरात चालते.

दीड वर्ष काही झालं नाही. मग मी दाढेचं रूट कॅनाल करून घेतलं, त्या जखमेनं कुंपणवाल्या पेशी चेतल्या असाव्यात, आणि त्यानंतर काही आठवड्यांत खालच्या ओठात आधी शेंगदाण्याएवढी एक गाठ आली, मग तिच्या शेजारी दुसरी, मग वरच्या ओठाची डावी बाजू सुजून टणक झाली आणि मधल्या भागातली जाणीव गेली. ऑफिसात चहा पीत असताना आमोदनं सांगितलं, "निशा, चहा गळतोय." तो माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसतो. मी हनुवटीला हात लावला, ती ओली होती. मला कळलंच नव्हतं. आमोद टिश्यू पेपर पुढं करून थांबला होता, तोंडावर त्याचा तो समजूतदार भाव. दुसऱ्या दिवसापासून मी मास्क लावू लागले. "अजून मास्क? कोविड गेला की गं." "पुण्याची हवा," मी म्हटलं, आणि त्याला ते पटलं. पुण्यात हवेला आणि वाहतुकीला काहीही लावलं तरी खपतं.

ह्या सगळ्यातली गंमत अशी की माझं पोट दुष्परिणामांवर चालतं. आमच्या कंपनीत जगभरातून औषधांच्या तक्रारी येतात आणि आम्ही बीएस्सी, एमएस्सी झालेली पोरंपोरी काचेच्या डब्यात बसून त्यांच्या गोष्टी लिहितो. तिकडची कुठली बाई, वय अमुक, हे घेतलं, मग असं झालं, मग बंद केलं, मग बरं वाटलं किंवा वाटलं नाही. शेवटी एक रकाना असतो, त्यात कारण आणि परिणाम यांचं नातं किती घट्ट आहे ते ठरवायचं: नाही, शक्य, बहुधा, निश्चित. मी हे फार चांगलं करते. माझ्या गोष्टींत एक शब्द जास्त नसतो. आणि प्रत्येक गोष्टीत एक वाक्य असतंच: रुग्णानं याआधीचा असा कोणताही इतिहास नसल्याचं सांगितलं. हे वाक्य मी दिवसातून कितीदा तरी टाइप करते आणि एकदाही त्यावर विश्वास ठेवत नाही. माणसं दारू लपवतात, मुळ्या-काढे लपवतात, नवऱ्याला न सांगता घेतलेल्या गोळ्या लपवतात, मग फुगतात, पिवळी पडतात, आणि तरी शपथेवर सांगतात की आम्ही काही केलं नाही. मला वाटायचं, इतकं साधं खरं बोलता येत नसेल तर ह्यांना यकृत तरी कशाला पाहिजे.

बस दोन हात पुढं सरकली. ड्रायव्हरनं एकदम हॉर्न दाबला, हॉर्ननं रस्ता होतो अशी त्याची श्रद्धा आहे. मी मास्कच्या आत जिभेनं गाठ दाबून पाहिली. ही मला आता सवय लागली आहे. जिभेला गाठ कळते, गाठीला जीभ कळत नाही.

का केलं, हा प्रश्न कुणी विचारलेला नाही, पण विचारतील तेव्हा काय सांगायचं हे मी अनेकदा जुळवून पाहिलं आहे आणि प्रत्येक वेळी उत्तर हास्यास्पद निघालं आहे. माझे ओठ पातळ होते, आप्पांसारखे. आप्पा ते मिटून बसले की शेजारच्या प्लॉटवाल्यालाही भीती वाटते. पुरुषाच्या तोंडावर ते ओठ म्हणजे करारीपणा. माझ्या तोंडावर आई त्यांना "चिमटा" म्हणायची. पण मी आईच्या म्हणण्यासाठी केलं नाही, आणि दोन स्थळं फोटो बघून गप्प झाली म्हणूनही नाही, असं मी स्वतःला सांगते. मी चौकशी केली होती. व्यवस्थित, शास्त्रीय. तात्पुरतं भरतात ते आठ-दहा महिन्यांत शरीर पचवतं, मग पुन्हा जा, पुन्हा भरा. मला ते भाड्याच्या घरासारखं वाटलं. आणि आमच्या घरात भाडं हा शब्द शिवीसारखा उच्चारतात. धानोरीची जमीन बिल्डरला दिली तेव्हा त्यानं आप्पांना दरमहा भाड्याचा पर्याय दिला होता, आप्पा त्याला म्हणाले होते, "भाड्यानं माझ्या बापाची जमीन देत न्हाय आन भाड्याच्या घरात ऱ्हात न्हाय. द्यायचं तर कायमचं, घ्यायचं तर कायमचं." त्या कायमच्यातून आमचा बंगला झाला, दारात ग्रॅनाइट, जिन्याला स्टीलचा कठडा, आणि मागच्या भिंतीला पहिल्या वर्षीपासून ओल. मला आप्पांच्या त्या वाक्याची लाज वाटते. पण क्लिनिकमधल्या बाईनं दोन छापील चित्रं पुढं सरकवून विचारलं, टेंपररी की परमनंट, तेव्हा माझ्या तोंडून आप्पाच बोलले.

त्या बाईंचं नाव उत्कर्षा. भिंतीवर चार सर्टिफिकेटं, त्यातली तीन दोन-दोन दिवसांच्या कोर्सची. मी वाचली होती, मी सगळं वाचते. धोके मला तिच्यापेक्षा जास्त माहीत होते. थोड्या लोकांना होतं, आणि त्या थोड्यांत मी का असेन, हा हिशेब प्रत्येक मूर्ख करतो. माझा फक्त संदर्भांसहित होता. "एकदा केलं की बघायलाच नको डिअर, लग्न, पोरं, सगळं ह्याच लिप्सवर," ती म्हणाली होती. "लिप्स" म्हणताना तिचे स्वतःचे ओठ इतके भरलेले होते की शब्द आतच फुटला. ते माझ्या लक्षात आलं होतं. तरी मी खुर्चीत डोकं मागं टेकवलं. गाठी आल्यावर मी तिथं गेले, तर त्या गाळ्यात आता कुत्र्यांचे केस कापतात. काचेमागं एक पांढरा कुत्रा टेबलावर उभा होता, गळ्यात पट्टा, चेहऱ्यावर अपमान. त्याची मालकीण मोबाइलवर त्याचा व्हिडिओ काढत होती. मी बराच वेळ बघत उभी राहिले आणि मग परत आले.

संजय डॉक्टर हे आमच्या घराचे डॉक्टर, आप्पांच्या जमिनीत भुईमूग होता तेव्हापासूनचे. शेंगांचं पोतं घेऊन औषध देणारे. त्यांनी ओठाचा तुकडा काढून तपासायला पाठवला. रिपोर्टमध्ये कुंपणं होती. मधल्या गोल रिकाम्या जागांना तपासणाऱ्यानं काय समजायचं ते समजून घेतलं; तुकडा तपासायला तयार करताना मणी निघून जातात, त्यांची भोकं राहतात, अनारशाला पडते तशी जाळी. हातावर टोचून केलेली टीबीची चाचणीही फुगून वर आली, म्हणजे पॉझिटिव्ह. ती ह्या देशात निम्म्या लोकांची वर येते. डॉक्टरांनी चष्मा काढला, माझ्याकडं पाहिलं, शेजारी बसलेल्या आईकडं पाहिलं आणि विचारलं, "ओठांना काही टोचून वगैरे घेतलं होतंस का बाळ? पार्लरमध्ये वगैरे?" प्रश्न बरोबर होता. त्या दिवशी त्या खोलीत तेवढी एकच गोष्ट बरोबर होती. आई पदराशी चाळा करत होती. मी म्हटलं, "नाही." रुग्णानं असा कोणताही इतिहास नसल्याचं सांगितलं. डॉक्टरांनी सुटकेचा श्वास सोडला, कारण आता त्यांना ओळखीचं उत्तर देता येणार होतं. ते आईकडं वळले. "मग टीबीच. शालूताई, घाबरू नका. आता पहिल्यासारखं राहिलेलं नाही."

आई तिथं रडली नाही, घरी येऊन रडली. आणि मग आप्पा. हे मी कुणाला सांगू शकणार नाही. आप्पा आयुष्यात माझ्या खोलीत दोनदा आले असतील. एकदा पंखा बसवणाऱ्याला दाखवायला. त्या संध्याकाळी ते आले आणि पलंगाच्या कडेला बसले. हातात खजुराचं पाकीट.  मग म्हणाले, "माझ्या बापाला हुता. गेनबाला. गोठ्यामागं खाट टाकली हुती त्येची. मी भाकरी घिऊन जायाचो तर म्हनायचा, लांबून ठेव, लांबून ठेव." पाकिटाचं प्लास्टिक त्यांच्या बोटांत वाजत होतं. "आपल्या रक्तातच हाय ते. तुजी काय चूक न्हाय, पोरी." मी भिंतीकडं पाहिलं. टीबी रक्तातून येत नाही हे सांगायला माझी जीभ नेहमी शिवशिवते. त्या दिवशी मी ते सांगितलं नाही. वाकडमधल्या एका गाळ्यात सुईनं भरलेल्या माझ्या मण्यांना अचानक आजोबा मिळाले होते, गोठा मिळाला होता, खाट मिळाली होती. आणि मला ते आवडलं. आप्पांनी मला "पोरी" म्हटलेलं आवडलं. त्यानंतर रोज संध्याकाळी ते येतात, कडेला बसतात, गोळ्या घेतल्या का विचारतात, निघताना पायावरचं पांघरूण सारखं करतात. ह्या एवढ्याशा गोष्टीसाठी मी रोज सकाळी उपाशीपोटी जंतूंच्या गोळ्या खाते, ज्यांना माझ्या अंगात एकही जंतू सापडत नाही. लघवी नारिंगी होते. डोळे चोळले तर रुमालावर फिकट नारिंगी डाग पडतो. मळमळतं. गेल्या आठवड्यात यकृताचे आकडे थोडे वर आले. मी ते पाहिले आणि बाजूला ठेवले. कारण आणि परिणाम यांचं नातं: निश्चित. माझं यकृत मूर्खाचं आहे, त्यानं भोगावं.

बाहेरच्यांना ॲलर्जी सांगितलं आहे. म्हणजे बाहेर ॲलर्जी, घरात टीबी, ओठात प्लास्टिक; कांद्याचे पापुद्रे सोलावेत तसं, फक्त आत काही निघत नाही. तेजस्विनीवहिनीनं पहिल्या दिवसापासून माझी भांडी वेगळी केली. काही न बोलता, उलट फार गोड बोलून. "ताई, तुमचा पेला मी निळ्या टोपणाचा केलाय, तुम्हालाच सोयीचं." वहिनी बीकॉम आहे, मंडईजवळच्या घरातली, तिच्या माहेरी सगळं सोयीचं असतं. मला ती कधीच आवडलेली नाही. ती व्हॉट्सॲपवरचे आरोग्याचे संदेश मला तपासायला पाठवते आणि मी ते चुकीचे ठरवले तरी पुढं पाठवते. पण मुक्ताईला तिनं माझ्यापासून लांब केलं तेव्हा मी तिला मनातल्या मनातसुद्धा चुकीचं ठरवू शकले नाही. तिच्याकडं असलेल्या माहितीनुसार ती बरोबर वागत होती. माहिती माझ्याकडं होती.

मुक्ताईचं संध्याकाळचं दूध हे माझं काम होतं. तिला ते कडकडीत लागतं आणि पिववत तर नाही, म्हणून मी मांडीवर घेऊन फुंकर मारायची. सायीवर सुरकुती पडते, काठाला जाते, परत येते. ती ते बघत बसायची, आणि मधेच गंभीरपणे म्हणायची, "आता डावीकडनं." आता ते काम बंद आहे. ती दारातून माझ्याकडं बघते आणि विचारते, "आत्या, तुझे किडे झोपले का?" किडे हे तिला तिच्या आईनं सांगितलेलं. "नाही," मी सांगते, आणि ती शहाण्यासारखी मागं सरकते. मी कधीही कुठल्याही मुलाला इतक्या थंडपणे खोटं सांगितलेलं नव्हतं. पण ते आतापर्यंत नुसतं खोटं होतं. त्यात दुसऱ्या कुणाच्या पोटात काही जात नव्हतं.

विश्रांतवाडीला उतरले तेव्हा ऊन कलतं झालं होतं. रिक्षावाला धानोरी म्हटल्यावर "तिकडनं भाडं मिळत नाही" म्हणाला. भाडं. मी चालत निघाले. आळंदी रोडला ज्यूसच्या गाडीवर एक मुलगी आरशात बघून ओठ पुढं काढून फोटो घेत होती, बदकासारखा तो आविर्भाव. तिच्या ओठांत काही नव्हतं, नुसतीच लिपस्टिक. मला तिला थांबवून काहीतरी बोचेल असं सांगावंसं वाटलं, आणि मग वाटलं, मी कोण. चार वर्षांच्या मुलीला रोज एक गोळी, सहा महिने. मी ह्या औषधाच्या गोष्टी लिहिलेल्या आहेत. बहुतेकांना काही होत नाही. थोड्यांना होतं. त्या थोड्यांत मुक्ताई का असेल? हा हिशेब मी ओळखला. ह्याच हिशेबावर मी खुर्चीत डोकं मागं टेकवलं होतं.

घरात शिरले तर आई गॅलरीत लसूण सोलत बसली होती आणि आप्पा बाहेरच्या खोलीत सोफ्यावर बातम्या बघत होते, आवाज बंद करून. निवेदकांचे आवाज त्यांना सहन होत नाहीत. "आलीस व्हय. गोळी घेतली का दुपारची?" दुपारची गोळी नसते. "घेतली," मी म्हटलं. जेवणाच्या टेबलाशी मुक्ताई बसली होती, पाय हलवत. तिच्यापुढं एका वाटीत शिकरण आणि वहिनी पाठमोरी उभी राहून चमच्याच्या मागच्या बाजूनं बशीत काहीतरी चुरत होती. पांढरी भुकटी. "ताई, ते आरोग्य केंद्रवाले," वहिनी मागं न बघता म्हणाली, "डॉक्टरकाकांनी आजच पाठवल्या. म्हटलं, आजच सुरू करावं. चांगला दिवस आहे." तिनं भुकटी शिकरणात घातली, ढवळली. कुठला दिवस चांगला आहे, हे विचारायची मला इच्छा झाली. मुक्ताईकडं वळली तेव्हा वहिनीचे डोळे लाल दिसले. ती रडून झालेली होती आणि मला दिसू नये म्हणून आतापर्यंत पाठमोरी होती.

"नको," मुक्ताई म्हणाली. "मला किडे नाहीत."

"नाहीत राजा, येऊ नयेत म्हणून. एक घास. आ कर."

"आत्याचे किडे आहेत. आत्यानं खाऊ दे."

"मुक्ता."

"मला नको!" तिनं तोंड मिटलं. आप्पांचे ओठ. पातळ, सरळ रेघ, चिमटा. मी टेबलाच्या ह्या बाजूला उभी होते, मला जितकं लांब उभं राहायची परवानगी होती तितकी लांब. वहिनीनं एका हातानं मुलीचे गाल दाबले, ओठ फाकले, चमचा पुढं नेला. 

"वहिनी, थांबा. मला टीबी नाही."

चमचा थांबला. "म्हणजे? नवीन रिपोर्ट आला का?"

"रिपोर्ट तोच आहे. मला टीबी नव्हताच." मी मास्क काढला. ह्या घरात मी मास्कशिवाय बऱ्याच दिवसांत उभी राहिलेले नव्हते. माझ्याजवळ ह्या गोष्टीसाठी सगळे शब्द होते, नेमके, तपासलेले, आणि त्यांतला एकही ह्या टेबलाच्या उपयोगाचा नव्हता. "इकडं या. बोट लावा इथं."

"ताई, काय बोलताय..."

"लावा. दाबा."

वहिनी आली. तिनं माझ्या खालच्या ओठावर तर्जनी ठेवली, जशी आपण तवा तापला का बघतो तशी, आणि मग दाबली. बोट लागलेलं मला कळलं नाही. तिच्या चेहऱ्यावरून कळलं. "हे काय आहे? दाणे लागतात."

"प्लास्टिक. मी भरून घेतलं. दोन वर्षांपूर्वी, ओठ जाड दिसावेत म्हणून. त्याच्याच गाठी झाल्यात. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी नाही म्हटलं."

गॅलरीत आईच्या मांडीवरची लसणाची सुपली खाली गेली. सालं फरशीवर पसरली. आप्पा सोफ्यावरून उठले नव्हते. पण टीव्हीकडं बघत नव्हते. "कसलं प्लास्टिक?"

"कायमचं," मी म्हटलं. 

आप्पांनी ह्याचा विचार केला. रिमोट हातात होता, तो त्यांनी उताणा केला, पालथा केला. "कायमचं म्हनं," ते म्हणाले. "बिल्डर बी म्हनला हुता. मागची भित बग जा." मग दुसऱ्याच आवाजात, "म्हंजी गेनबाचं न्हवं ते."

"नाही, आप्पा."

"मंग मी रोज कशापायी बसत हुतो तितं?" ते हे मला विचारत नव्हते. ते उठले, पायांनी चपला चाचपल्या, आणि मागच्या अंगणात निघून गेले. जाळीचं दार आपटलं. आज पांघरूण सारखं करायला कुणी येणार नव्हतं, उद्याही नाही. मला ते आधीच माहीत होतं. बसमध्येच माहीत होतं. माहीत असण्यानं काही कमी होत नाही, हे मात्र मला माहीत नव्हतं.

"अगं पर कशापायी?" आई म्हणत होती. "काय वाईट हुतं तुजं तोंड?" चिमटा कोण म्हणायचं, हे मी तिला विचारलं नाही. ती खाली बसून एकेक पाकळी वेचायला लागली होती.

वहिनी अजून माझ्यासमोर उभी होती. ती माझ्याकडं बघत होती, माझ्या ओठांकडं, मग डोळ्यांकडं, मग परत ओठांकडं. तिच्या तोंडावर राग असता तर मी सहन केला असता. ते दुसरंच काहीतरी होतं, आणि ते मला इतकं ओळखीचं होतं की मी नजर खाली केली. रोज सकाळी मी तेच तोंडावर घेऊन बसमध्ये चढते. "एमएस्सी," वहिनी म्हणाली. एवढंच. मग तिनं शिकरणाची वाटी उचलली, सिंकमध्ये पालथी केली, नळ सोडला, भोकाशी अडकलेले केळ्याचे तुकडे बोटानं आत ढकलले. "उद्या सकाळी डॉक्टरकाकांकडं तुम्ही जायचं. मी येणार आहे बरोबर. तुम्ही काय सांगता ते मला ऐकायचंय."

"हो."

"आणि त्या संपतला फोन करून सांगायचं. आत्ता."

"करते."

मुक्ताईला ह्यातलं फक्त शिकरण गेलेलं कळलं होतं, आणि तिचा काही आक्षेप नव्हता. ती खुर्चीवरून उतरली. "आत्या, किडे मेले?"

"नव्हतेच."

तिनं स्वतःच्या आईकडं बघून खात्री करून घेतली.  वहिनीनं गॅसवरून दुधाचं पातेलं उतरवलं, मुक्ताईच्या छोट्या पेल्यात ओतलं आणि पेला टेबलावर आपटून ठेवला, माझ्या बाजूला. थोडं दूध उसळून बाहेर आलं. मी खुर्चीत बसले. मुक्ताई मांडीवर चढली, पूर्वीच्याच पद्धतीनं, गुडघा माझ्या पोटात रुतवून, आणि पेल्यातून निघणाऱ्या वाफेकडं बघत म्हणाली, "फुंकर."

मी ओठ जुळवायचा प्रयत्न केला. वरचा डावीकडं टणक होता, खालच्यात दोन गाठी. मधे जी फट राहिली तिच्यातून हवा वाकडी निघाली, मुक्ताईच्या कपाळावर, सायीपर्यंत पोचलीच नाही. "डावीकडनं," ती म्हणाली. मी पुन्हा जोर लावला. ओठाच्या कोपऱ्यातून थुंकीचा थेंब सुटला. तो मला जाणवला नाही; दुधात पडलेला दिसला. सायीवर एक बारीक खळगा पडला आणि भरून आला. मुक्ताईनंही पाहिला. ओट्याशी उभ्या असलेल्या वहिनीनंही.

मुक्ताईनं दोन्ही हातांनी पेला ओढला आणि प्यायला लागली. वहिनी तिरस्कारानं माझ्याकडं बघत उभी राहिली, आणि पेला काढून घ्यायला पुढं आली नाही.